शिक्षकी पेशात नव्याने येणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये मी २००१ पासून शिकवते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली आहेत. आंतरवासितेसाठी येणारे डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेचे) विद्यार्थी आणि नुकतेच रुजू झालेले शिक्षक दरवर्षी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. ही उत्तरे लहान पटाच्या, दोनशिक्षकी शाळेतल्या अनुभवावरून आलेली आहेत, हे वाचताना लक्षात असू द्यावे.

इतकी वर्षे हे काम करण्याची प्रेरणा कुठून मिळते?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण सर्वांत आधी विचारतो. त्याचे उत्तर देताना मला नोकरीच्या चौथ्या वर्षातला एक प्रसंग सांगावासा वाटतो. दुसरीच्या वर्गात मी संख्यांचे श्रुतलेखन घेत होते. मी 'पस्तीस' म्हटले आणि एका मुलाने पाटीवर ५३ लिहिले. तो नेहमीच असे लिहीत असे. 'चोवीस'साठी ४२, 'सत्तेचाळीस'साठी ७४. प्रत्येक वेळी मी त्याच्या पाटीवर फुली मारून बरोबर संख्या लिहून देत असे आणि ती दहा वेळा गिरवून आणायला सांगत असे. त्या दिवशी मात्र मी त्याच्याजवळ खाली बसले आणि विचारले, "पाच आधी का लिहिलास रे?" तो सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाचच आधी म्हणलात ना, मग तीस."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. मराठीत एकवीस, बावीस, पस्तीस, त्रेपन्न या सगळ्या नावांमध्ये एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्या मुलाने कानांवर विश्वास ठेवून जे ऐकले ते क्रमाने लिहिले होते. मी वर्षभर त्याला निष्काळजी समजत होते आणि तो वर्षभर एका नियमाने वागत होता. मुलाची चूक सहसा कारणाशिवाय होत नाही आणि ते कारण शोधण्याइतके गुंतवून ठेवणारे काम मला दुसरे माहीत नाही, हे त्या दिवशी मला कळले. नोकरीत येतानाची उमेद दोन-तीन वर्षांत ओसरते, हे मी माझ्यात आणि अनेक सहकाऱ्यांतही पाहिले आहे. त्यानंतर माणूस टिकतो तो समोरच्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे याच्या कुतूहलावर, असे माझे ठाम मत आहे.

मग मराठीतल्या संख्या मुलांना कशा शिकवाव्यात?

आधी आपली संख्यानामे किती अवघड आहेत हे शिक्षकाने मान्य करावे. एक ते शंभरपर्यंतची नावे जवळजवळ प्रत्येकी स्वतंत्र पाठ करावी लागतात. 'एकोणपन्नास' हे नाव तर दोन अडचणी एकदम उभ्या करते. मुलाला त्यात 'एक' आणि 'पन्नास' ऐकू येतात, म्हणून ते ५१ किंवा ५९ लिहिते. पन्नासाला एक कमी असा त्या नावाचा अर्थ आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलेलेच नसते.

बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीने 'साठ तीन' असे वाचन दिले गेले, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि विधिमंडळातही त्यावर चर्चा झाली. मराठीची मोडतोड होते, असे अनेकांना मनापासून वाटले आणि त्यांची भाषेविषयीची काळजी मला समजते. पण वर्गात बसून पाहिले तर 'साठ तीन' ही एक पायरी आहे. तिच्यावरून चढून गेलेले मूल महिना-दोन महिन्यांत 'त्रेसष्ट'वर येते, आणि ती पायरी न मिळालेले मूल कधी कधी चौथीतही ३६ आणि ६३ यांत घोटाळत राहते.

मला स्वतःला ही पायरी पुस्तकातून मिळण्याच्या आधी एका मुलाकडून मिळाली. ऊसतोडीहून परत आलेला हा मुलगा वहीवरची बेरीज करत नसे, पण फडातल्या मोळ्या तो वडिलांबरोबर मोजत असे. कशा मोजतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला की दहा मोळ्या झाल्या की बाप एक कांडे बाजूला ठेवतो आणि शेवटी कांडी मोजतो. म्हणजे दशक आणि एकक या दोन्ही कल्पना त्याच्याजवळ पक्क्या होत्या, त्यांना आमच्या वहीतले चिन्ह तेवढे मिळाले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी आगपेटीच्या काड्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रबराने बांधल्या आणि त्या गठ्ठ्याला आमच्या वर्गात 'मोळी' हेच नाव पडले. 'तीन मोळ्या आणि पाच सुट्या' असे म्हणत मूल आधी मोळ्या मांडते, मग त्यांच्या उजवीकडे सुट्या काड्या, आणि त्याच क्रमाने खाली अंक लिहिते. नाव सर्वांत शेवटी येते. हा क्रम मी आजतागायत बदललेला नाही.

पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना कुठून सुरुवात करावी?

आधी सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी आणि त्यानंतर शब्द हा जुना क्रम पाळला, तर मूल अर्थ असलेला पहिला शब्द वाचेपर्यंत दिवाळी उजाडते. तोवर वाचन म्हणजे फळ्याकडे पाहून सुरात ओरडणे, अशी त्याची समजूत होऊन बसते. त्याऐवजी चार-पाच अक्षरांचा एक लहान गट आणि एक स्वरचिन्ह घ्यावे. म, क, र, घ ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर घर, मका, काका, मामा, राम, कर, मार इतके शब्द तयार होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल 'काका, घर' असे वाचते आणि आपण वाचले हे त्याला समजते. त्या क्षणी त्याचा चेहरा जरूर पाहावा.

दुसरी गोष्ट मुलांच्या बोलण्याची. आमच्या भागात 'पाणी'ला 'पानी' आणि 'लोणी'ला 'लोनी' म्हणतात. मूल 'पानी' लिहिते तेव्हा त्याने आवाज आणि अक्षर यांची सांगड बिनचूक घातलेली असते. अशा शब्दावर पहिल्याच दिवशी लाल फुली मारली, तर मूल पुढे लिहिताना घाबरते आणि फक्त येणारेच शब्द लिहिते. मी तो शब्द तसाच ठेवते, शेजारी 'पाणी' लिहिते आणि "घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात" इतकेच सांगते. मेळघाटातली कोरकू बोलणारी, नंदुरबारकडची पावरी किंवा भिलोरी बोलणारी, गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया बोलणारी मुले शाळेत येतात तेव्हा त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते, आणि तिथल्या शिक्षकाला मुलांच्या भाषेतले दोन-तीनशे शब्द तरी यायलाच हवेत. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात शाळाच मुलांच्या अंगणापर्यंत आणि गुरे चारण्याच्या कुरणापर्यंत नेली होती. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याचा हा धडा आपल्याच मातीतला आहे.

पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य योग्य आहे, पण त्यातला 'अर्थासह' हा शब्द विसरून नुसते घड्याळ लावले, तर मुले वेगाने आणि न समजता वाचू लागतात.

एकाच खोलीत दोन वर्ग कसे सांभाळायचे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे पहिली ते चौथीच्या लहान शाळेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन वर्ग येतात. डी.एल.एड.ला सराव पाठ घेतलेले असतात ते मात्र एका वर्गाचे. म्हणून नवा शिक्षक येथे पहिल्याच आठवड्यात गोंधळतो.

दिवसाचे तुकडे पाडावेत. परिपाठ, गाणी, गोष्ट, गप्पा आणि मैदानावरचे खेळ दोन्ही वर्गांचे एकत्र घ्यावेत. भाषा आणि गणित यांसाठी मात्र वीस-पंचवीस मिनिटांच्या पाळ्या कराव्यात. पहिली तुमच्यासमोर असते तेव्हा दुसरीजवळ स्वतः करता येईल असे काम असावे. या 'स्वतःच्या कामा'वरच सगळे अवलंबून आहे. "धडा दोनदा लिहून काढा" हे काम नव्हे, ती मुलांना गप्प बसवण्याची सोय आहे. शब्दपट्ट्या जुळवून वाक्य करणे, काड्यांनी संख्या मांडून शेजाऱ्याला ओळखायला लावणे, चित्र पाहून तीन वाक्ये लिहिणे यांपैकी काहीतरी हवे. भिंतीला खाली, मुलांच्या उंचीवर रंगवलेला फळा असेल तर प्रत्येक मुलाला त्यात एक चौकोन द्यावा, म्हणजे बसल्या जागेवरून कोण कुठे अडले ते दिसते.

दुसरीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला शिकवण्याची पद्धत मला आवडते, पण रोज त्याच हुशार मुलीला 'छोटी मॅडम' करू नये. तिचे स्वतःचे शिकणे थांबते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात) शिक्षकांनी जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर आणि गटांमध्ये मुलांना शिकते केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परत आल्यावर अनेकांनी फरशा रंगवल्या, पण मुलांना एकमेकांशी बोलू दिले नाही. रंगवलेल्या फरशीभोवती मुले बोलत नसतील, तर ती नुसती फरशीच राहते.

मुलाला शिकायचेच नसेल तर काय करावे?

सहा वर्षांचे, शिकायची इच्छा नसलेले मूल मी अजून पाहिलेले नाही. भुकेलेले, झोप न झालेले, कमी ऐकू येणारे, फळा न दिसणारे आणि वारंवार हसू झाल्यामुळे गप्प झालेले मूल पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून आधी ते कुठे बसते, कोणाजवळ बसते, सकाळी काय खाऊन येते, एवढे पाहावे. एक मुलगी वर्षभर 'मठ्ठ' ठरली होती. तिला फळ्याजवळ बसवल्यावर ती वाचू लागली आणि आरोग्य तपासणीनंतर तिला चष्मा लागला.

चांदण्या, बक्षिसे आणि 'शाब्बास'च्या टाळ्या यांचा मी हळूहळू कमी वापर करत गेले. ज्याला चांदणी मिळत नाही, ते मूल आठवडाभरात त्या खेळातून बाहेर पडते. त्यापेक्षा "काल तुला हे जोडाक्षर अडले होते, आज तू ते थांबून वाचलेस" हे वाक्य मुलाला फार दूर नेते, कारण ते फक्त त्याच्यासाठी असते.

शिस्त राहत नसेल तर शिक्षा करावी का?

नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. कायदा नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलाला उत्तर आले नाही म्हणून वर्गाबाहेर उभे केले होते. तो पुढचे आठ दिवस शाळेत आला नाही आणि त्याला परत आणायला मला त्याच्या घरी जावे लागले. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. ते मौन मी विसरलेले नाही.

गोंगाट वाढतो तेव्हा बहुतेक वेळा काम फार सोपे किंवा फार अवघड झालेले असते. काम बदलून पाहावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे काय होते आणि शिक्षक काय करू शकतो?

आमच्या भागात हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या वर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. गावात आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहते, नसतील तर आई-वडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहायला जाते. तिथे पहाटे फडात जाणाऱ्या आईच्या मागे धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम बहुधा सात-आठ वर्षांच्या मुलीकडे येते.

शिक्षकाच्या हातात तीन गोष्टी आहेत. पहिली, जाण्याआधीची. ऑक्टोबर सुरू होताच प्रत्येक घरी जाऊन कोण जाणार, कोण राहणार याची यादी करावी आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत पाठवावा, कारण मान्यता उशिरा आली तर तोवर मुले निघून गेलेली असतात. आजीला नुसते "मुलीला ठेवा" म्हणून भागत नाही. संध्याकाळचे जेवण मिळेल आणि रात्री मुलगी तुमच्याजवळच झोपेल, हे स्पष्ट सांगावे लागते. दुसरी, जाणाऱ्या मुलाची. त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखला नसतानाही त्याला बसता येते आणि आपल्या शाळेतले नाव कमी होत नाही. मी कार्डाबरोबर एक जुनी वही देते आणि रोजचे एक वाक्य लिहायला सांगते. एका मुलीने पाच महिन्यांत सव्वीस वाक्ये लिहिली होती, त्यातले एक होते, "आज पाचट पेटलं आनी भाऊ रडला." मी ती वही वर्गात तिच्याकडूनच वाचून घेतली. तिसरी गोष्ट परतल्यानंतरची आहे. एप्रिलमध्ये आलेल्या मुलाला परीक्षेला बसवण्याची घाई करू नये. आधी त्याला काय येते ते पाहावे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचे थोडके दिवस वाचन आणि संख्या यांवरच खर्च करावेत.

पालक शाळेत येतच नाहीत. काय करावे?

आपण जावे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, ते घरी असतात तेव्हा. पहिल्या भेटीत मुलाची तक्रार सांगू नये. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात, तेव्हा सभेची वेळही त्यांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवावी.

कागदी कामातून शिकवायला वेळ कसा मिळतो?

जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. तरीही ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज बदलणारे तक्ते यांत दिवसाचा मोठा भाग जातो, ही शिक्षकांची तक्रार पूर्णपणे रास्त आहे आणि ती संघटनेने व प्रत्येकाने मांडत राहिली पाहिजे. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे: सकाळचे पहिले दोन तास मोबाईल कपाटात असतो. आजवर कोणतीही माहिती त्या दोन तासांमुळे अडलेली नाही.

वर्णनात्मक नोंदी मात्र मी मनापासून करते. "वाचन करतो" अशी ठोकळेबाज नोंद निरुपयोगी आहे. "जोडाक्षर आले की थांबतो, पण चित्र पाहून शब्द ओळखतो" या नोंदीवरून उद्या काय करायचे ते ठरते.

शिक्षक होण्यासाठी कोणत्या पायऱ्या आहेत?

थोडक्यात सांगते. प्राथमिकसाठी डी.एल.एड., त्यानंतर २०१३ पासून सुरू झालेली शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, मग २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून निवड, असा मार्ग आहे. निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. मी रुजू झाले तेव्हा हे मानधन ३,००० रुपये होते, २०२३ पासून ते १६,००० रुपये आहे. भरतीची वाट पाहण्यात अनेकांची उमेदीची वर्षे जातात. त्या काळात एखाद्या शाळेत किंवा वस्तीवर मुलांबरोबर थोडा वेळ घालवता आला, तर तो वाया जात नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात नेमके काय करावे?

पहिल्या आठवड्यात सर्व मुलांची नावे, तीही घरी हाक मारतात ती, पाठ करावीत. प्रत्येक मुलाला एकटे जवळ बसवून दहा मिनिटे वाचून घ्यावे आणि काड्या मोजायला द्याव्यात. पट तीसचा असेल तर दोन आठवड्यांत हे पूर्ण होते. पुस्तकाचा पहिला धडा तोवर मागे राहिला तरी चालतो.

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी, प्रत्येक मुलासाठी काही पाने राखून ठेवावीत आणि त्याने केलेली चूक जशीच्या तशी, तारखेसह, उतरवून घ्यावी. शेजारी "असे का केलेस?" याचे त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. ही वही साहेबांना दाखवण्यासाठी नाही, त्यामुळे अक्षर सुंदर नसले तरी हरकत नाही. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोलावे. त्यांनी या गावातल्या मुलांच्या आयांनाही शिकवलेले असते. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आपला फसलेला पाठ सांगायला लाजू नये, कारण तिथे बसलेल्या निम्म्या जणांचा तोच पाठ फसलेला असतो आणि कोणीतरी बोलण्याची ते वाट पाहत असतात.

बदली होते तेव्हा वर्ग कसा सोपवावा?

रजिस्टरे, साहित्याची यादी आणि कपाटाच्या किल्ल्या सोपवण्याची पद्धत ठरलेली आहे, मुले सोपवण्याची मात्र नाही. माझ्या आतापर्यंत चार बदल्या झाल्या आणि शेवटच्या दोन वेळा मी प्रत्येक मुलामागे अर्धे पान लिहून ठेवले: काय येते, कुठे अडते, कोणत्या पद्धतीने उलगडते, हंगामात गावात राहते की जाते, आणि गेले तर कोणत्या महिन्यात परतते. नव्याने आलेल्या शिक्षिकेबरोबर एक पूर्ण दिवस वर्गात बसावे आणि ही पाने तिच्या शेजारी बसून, ते ते मूल समोर असताना वाचावीत. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, हजेरीवरच्या नावाखाली, मी त्याचे घरचे नावही लिहिते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्याच नावाने हाक मारता येते.